बूड इंदूनं घातलेलं

"धंदा काय?"

कोर्टातल्या कारकुनानं माझ्या बायकोला विचारलं. इंदू साक्षीला उभी होती. डोक्यावर पदर, हात कठड्याला घट्ट. जन्मात पहिल्यांदा कोर्ट बघत होती. म्हणाली, "घरकाम."

झालं. तिथंच आमचा गळा कापला गेला.

आमच्यात बाई असंच सांगते. दवाखान्यात विचारा, पोराच्या शाळेत विचारा, घरकाम. बांबू सोलून हाताची सालटं निघाली तरी घरकाम.

कसबा पेठेत माझ्या सासऱ्यांचा टोपल्यांचा गाळा. भाड्याचा. इंदू त्यांची एकुलती एक. लग्न होऊन मागच्याच गल्लीत माझ्याकडं आली, पण सकाळी भाकरी थापल्या की गाळ्यात. मी मार्केट यार्डात हमाल. बापलेकीची कामाची रीत अशी : टोपलीचं बूड इंदूनं घालायचं, काठ बाबांनी बांधायचा. अख्खी टोपली एकानं करायचीच नाही. बाबा पुढं गादीवर, गिऱ्हाइकासमोर. ती मागं, जमिनीवर.

बाबा वारले. घरमालकानं लगेच गाळा खाली करायची केस टाकली.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, भाडेकरूबरोबर त्या जागेत धंदा करणारं घरचं माणूस असलं, की जागा त्याच्याकडं येते. फक्त बरोबर धंदा करणं म्हणजे काय, ते कोर्ट ठरवणार."

मला हसू आलं. यात ठरवायचं काय?

होतं ठरवायचं. घरमालकाचा वकील उठला. गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याची मला तेव्हापासून चीड आहे.

"गादीवर कधी बसलात?"

"नाही. ती बाबांची."

"गिऱ्हाइकाशी भाव कोण करायचं?"

"बाबाच."

"एखादी टोपली एकटीनं पुरी केलीत?"

"नाही हो. बूड माझं, काठ बाबांचा."

"अरे वा! म्हणजे अर्धी टोपली." तो जज्जसाहेबांकडं वळला. "साहेब, बाई स्वतःच घरकाम सांगतायत. वडिलांना डबा द्यायला जायच्या, जाता जाता चार काड्या विणायच्या. याला आपण धंदा म्हणायचं?"

कोर्ट हसलं. काळे कोट हसले, कारकून हसला. इंदूपण कसनुसं हसली. तिला वाटलं, मोठी माणसं हसतायत तर आपणही हसावं. ते हसू मला अजून सुधरू देत नाही.

मी उभा राहिलो. "साहेब, बुडाशिवाय टोपली..."

"ओ, बसा खाली. बाजार आहे का हा?" पट्टेवाल्यानं खांदा दाबला. या खांद्यावर मी जन्मभर पोती वाहिली. कुणी असा दाबला नव्हता.

निकाल लागला. वकीलबाईंनी समजावून सांगितला. बरोबर धंदा करणं म्हणजे नुसता हातभार नव्हे. व्यवहार हातात पाहिजे, गिऱ्हाईक हातात पाहिजे. बाईंची ती मदत. जागा खाली करा.

बाहेर व्हरांड्यात घरमालक भेटला. म्हणाला, "चला, कोर्टाच्या निमित्तानं तुमचा पंख्याखाली बसायचा योग तरी आला."

घरी आल्यावर इंदूनं विचारलं, "अहो, मग मी इतकी वर्षं तिथं काय करत होते?"

मी तसाच वकीलबाईंकडं गेलो. आम्ही अपील केलं, गाळ्याला स्टे मिळाला. पण ती गाळ्यात जाईना. गेली तरी कोयत्याला हात लावीना. जेवण तुटलं. मग ताप. मग ससून हॉस्पिटल. अपील उभं राहायच्या आत ती गेली. डॉक्टरनं कागदावर निमोनिया लिहिलं. लिहू दे. कागदावर लिहिणारे काय काय लिहितात, ते मी पाहिलंय.

तेरावं होतं न होतं तोच घरमालक दारात. बरोबर तो गोड वकील.

"झालं ते वाईट झालं," घरमालक म्हणाला. "आता तुम्ही तरी कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता? कागदावर जागा माझी होऊ द्या, तुम्ही मरेपर्यंत गाळ्यात बसा, मी उठवत नाही. कोर्टात एवढंच कबूल करा, की बायको नुसती मदत करायची."

तिच्या फोटोचा हार अजून ओला होता.

मी म्हणालो, "उठा."

"अहो, तुमच्याच भल्याचं..."

"उठा म्हणतो ना. चहा मिळणार नाही."

गेले. तोंड आंबट करून गेले.

आता वारस म्हणून अपिलात माझं नाव आहे. रोज गाळा उघडतो. गादीवर बसत नाही. मागं जमिनीवर बसतो, तिच्या जागेवर. तिनं घातलेली काही बुडं तिथं तशीच पडलीयत, काठाविना. लोक म्हणतात, काठ बांधून विकून टाक. मी बांधणार नाही. ती तशीच उचलून वरच्या कोर्टात नेणार. बघतील, नाहीतर बसा खाली म्हणतील. या वेळी मी बसणार नाही.

गाळा जायचा तर जाईल. पण इंदू नुसती मदत करायची, हे माझ्या तोंडून कुठलंच कोर्ट काढू शकणार नाही. इथं हरलो तर आणखी वर जाईन. तिनं केला तो धंदाच होता. ज्यांनी तो नाही म्हणून लिहिला, त्यांच्याच हातानं तो आहे म्हणून लिहून घेईन.