आवाज नाही म्हणजे मेलंय!

चहा ओता, सांगतो. पण मधे हसायचं नाही, हे आधी कबूल करा. आमच्या गावानं हसायचा सगळा कोटा आधीच संपवलाय.

विट्याजवळच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सेक्रेटरी. गावात कॉम्प्युटरला पहिला हात लावला तो मीच. त्यामुळं कुणाचा मोबाईल अडकला, कुणाचा टीव्ही दिसेना, की बोलावणं मला. मीही चष्मा कपाळावर चढवून म्हणायचो, "हं, सॉफ्टवेअर गेलंय." एवढ्यावर माणूस तज्ज्ञ होतो बघा!

आमचा जुना कॉम्प्युटर म्हणजे पिठाची गिरणी. चालू केला की घुर्रर्र! त्याच्या पंख्यात पेंडीची धूळ आणि कडब्याचा भुसा असा बसायचा की उन्हाळ्यात सारखा बंद. लाईट गेली की इन्व्हर्टर घटाघटा पिऊन टाकायचा. वैतागून चेअरमन आबांनी नवा मागवला.

विट्याच्या कॉम्प्युटर दुकानाच्या कदम मॅडम संध्याकाळी तो घेऊन आल्या. एवढीशी काळी पेटी, वर पन्हळी पत्र्यासारख्या खाचा!

"हा कॉम्प्युटर?" मी म्हणालो. "मॅडम, आमच्या घरचा मसाल्याचा डबा याच्यापेक्षा मोठा आहे."

"काका, वीज अगदी कमी खातो, चालूच राहू दे. आणि एक लक्षात ठेवा, यात—"

"मला नका शिकवू! तुम्ही शाळेत होता तेव्हापासून माऊस धरतोय मी."

मॅडम बिचाऱ्या पेटी लावून गेल्या.

सकाळी दार उघडलं. किटल्या घेऊन ही रांग! आणि दुधाची नोंद व्हायची ती कॉम्प्युटरवरच. बघतो तर स्क्रीन काळी. पेटीला कान लावला. चिडीचूप! मसणात तरी टिटवी ओरडते हो!

बटण दाबलं. कान लावला. काही नाही. परत दाबलं. स्क्रीनवर काहीतरी उजळायला लागायचं, तोवर माझं बोट पुन्हा बटणावर. चालू, बंद, चालू, बंद... कुठलं मशीन टिकेल असल्या तज्ज्ञापुढं?

"काय झालं, सेक्रेटरी?" रांगेतनं कुणीतरी विचारलं.

"मेलंय!" मी जाहीर केलं आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, तुमचं खेळणं मेलं!"

"कशावरून, काका?"

"आवाजच नाही!"

"आवाज येणारच नाही. त्यात पंखाच नाही."

झालं! मी रांगेकडं वळलो. "ऐकलंत? पंखाच घातला नाही! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!"

"आयला, म्हंजी इंजिन काढून ट्रॅक्टर दिल्यागत झालं की रं!" मागनं एकजण ओरडला. रांग खवळली. फोनमधून मॅडम काहीतरी सांगत होत्या, पण ऐकतो कोण? शेवटी "येते मी" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात शेवंताक्का पुढं आली. गावात तिच्या जिभेला सगळे टरकून असतात. तिनं पेटीवर तळवा ठेवला.

"आवं सेक्रेटरी, मेल्यालं माणूस गार पडतंय. ह्ये तर गरम हाय!"

आता शहाण्या माणसानं इथंच थांबायचं की नाही? मी थांबलो का? छे!

"गरम? म्हणजे जळतंय! पंखा नाही ना!"

धावत जाऊन मिटिंगच्या खोलीतला उभा पंखा ओढून आणला. प्लग रिकामा नव्हता, म्हणून एक वायर उपटली, पंख्याची खुपसली आणि फुल्ल स्पीडवर सोडला. टेबलावरच्या पावत्या उडाल्या त्या थेट किटल्यांत. आणि उपटलेली वायर कसली होती? दुधाची फॅट मोजायच्या मशीनची! म्हणजे आता तेही बंद.

बाहेर टँकरवाला हॉर्नवर हॉर्न. ऊन चढायला लागलेलं.

"दूध नासलं ना, तर तुमच्याच टकुऱ्यावर वतनार!" रांगेतनं आवाज आला. तरी माझं तोंड चालूच. "कंपनीला कोर्टात खेचतो!"

एवढ्यात स्कूटरवरनं मॅडम आल्या, पाठोपाठ आबा.

"हा पंखा कशाला?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही घातला नाही म्हणून!"

"अहो काका, पंखा लागू नये, धूळ आत जाऊ नये, म्हणूनच तर असा बनवलाय. आतली उष्णता पेटीच्या अंगानं बाहेर पडते. गरम लागला म्हणजे चालू होता! रात्रभर काम नव्हतं म्हणून स्क्रीन तेवढी झोपली होती."

त्यांनी बटण एकदाच दाबलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मला राहवेना. "पण आवाज—"

"काका!"

स्क्रीन लख्ख उजळली. आवाज? कसलाच नाही. रांगेचाही नाही. मग एकदम सगळी रांग खिदळली. फॅट मशीन सुरू झालं, दूध वाचलं, टँकर उशिरा का होईना गेला. अब्रू तेवढी नासली.

आबा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आवाज न करता काम करणारं मशीन दिलंत, लय भारी. आता तसलाच एक सेक्रेटरी कुठं मिळतोय का बघा की!"

त्यावर शेवंताक्का किटली उचलत म्हणते कशी,

"त्यो मिळंल तवा मिळंल, आबा. तवर ह्यांचं बंद करायचं बटन कुठं हाय, तेवढं इचारा!"