डावा अशक्त

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत अझीम बागवान यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे खरं तर जिन्याखालची जागा. उंच माणसाला वाकूनच आत शिरावं लागतं, आणि तो आत शिरला की अझीमभाई पहिलं वाक्य म्हणतात, "कान दाखवा."

नवखं गिऱ्हाईक बावचळतं. इअरबड्स घ्यायला आलेल्या माणसाला वाटतं, आता आपल्यासमोर दहा डब्या मांडल्या जातील, बॅटरी किती तास चालते ते सांगितलं जाईल. इथे मात्र पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून आधी एका कानात डोकावतो, मग दुसऱ्यात, आणि म्हणतो, "तुमचं भोक लहान आहे. हे मोठ्या रबराचे नेलेत तर तासाभरात कान ठणकेल." मोबाइलवर चाळीस व्हिडिओ बघून आलेला माणूससुद्धा यापुढे गप्प बसतो.

इअरबड्सची पारख ते तीन गोष्टींवर करायचे आणि त्यात तडजोड नसे. कानात बसतो कसा, हे बघायला काउंटरवर फुटाण्यांची बरणी. बड्स घालायचे आणि मूठभर फुटाणे चावून खायचे. जबडा हलला की कान आतून हलतो, आणि दुकानात घट्ट वाटलेला बड चौथ्या घासाला बाहेर डोकावतो. "तुम्ही आयुष्यभर तोंड मिटून राहणार असाल तर हा घ्या," असं ते सांगत. भरवसा बघायचा तर फोन मागच्या खिशात घालून नाक्यावरच्या अमृततुल्य चहाच्या दुकानापर्यंत चालत जायचं. गल्लीत शंभर दुकानांच्या वायफायचा कालवा. त्यातून न अडखळता जो परत येईल तो खरा. शिवाय प्रत्येक नवा जोड अझीमभाई आठवडाभर स्वतः वापरत. सकाळी डबी उघडल्यावर एकच बड चार्ज झालेला निघाला, तर त्या मॉडेलचं नाव दुकानात पुन्हा निघत नसे.

आणि आवाज. आवाजासाठी त्यांच्याकडे एक रेकॉर्डिंग होतं, ते गाण्याचं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी जुन्या बाजारात त्यांना दोन माइकचा एक रेकॉर्डर मिळाला होता. एका रविवारी सकाळी तो घेऊन ते मंडईत गेले. वडिलांचा, दादामियाँचा, फळांचा गाळा तिथेच होता. सोबत चार वर्षांची मिसबा. पावणेदोन मिनिटांचं ते रेकॉर्डिंग. उजवीकडे नारळ फुटतायत, हातगाडीचं चाक कुरकुरतंय, मधोमध दादामियाँ कलिंगडावर टिचकी मारतायत, डावीकडे भाजीवाल्या इंदुबाई कोथिंबिरीची जुडी झटकून बांगड्या वाजवतायत. आणि अगदी शेवटी, डाव्याच बाजूला, कंटाळलेल्या मिसबाचा बारीक आवाज, "अब्बा, चला ना." ते "चला ना" स्वच्छ ऐकू आलं तर माल पास.

दादामियाँ टिचकीच्या आवाजावरून कलिंगड आतून लाल आहे की पांढरं ते सांगत, आणि त्यांनी सांगितलेलं कलिंगड कुणी कापून मागत नसे. मुलाने फळं सोडून टेपरेकॉर्डर धरला तेव्हा म्हातारा चार दिवस बोलला नव्हता. पुढे पोराचाही कान गल्लीत चालू लागला, तेव्हा म्हणाला, "कान आपलाच आहे. कलिंगड बदललं." अझीमभाईंनी आयुष्यात कमावलं ते एवढंच. बंगला नाही, गाडी नाही. अझीमभाईंनी ऐकलंय म्हटल्यावर माणूस डोळे मिटून घेतो, एवढं एक नाव.

गेल्या दीड वर्षापासून मात्र त्यांच्या वहीत एकच शेरा सारखा पडायला लागला होता. डावा अशक्त. आधी स्वस्त मालाला पडला, त्याचं काही वाटलं नाही. मग मधल्या किमतीच्या मालाला. मग ज्या जोडाची जगभर तारीफ चालली होती, त्यालाही. बांगड्या अंधूक, आणि "चला ना"चा पत्ताच नाही. "कंपन्यांनी डाव्या बाजूला हात आखडता घेतलाय," असं अझीमभाई ठामपणे सांगू लागले, आणि त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्या श्रीनिवास या घाऊक व्यापाऱ्याकडे डब्यांमागून डब्या परत जाऊ लागल्या.

गिऱ्हाइकंही अशी की विचारू नका. रंगनाथ नावाचे एक निवृत्त मास्तर आले होते. अझीमभाईंनी विचारलं, "डावा जरा दबलेला वाटतो ना?" मास्तरांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "जरा? चांगलाच दबलेला आहे. मी बोलणारच होतो." इअरबड्स कानात घालायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. पुण्यात एखाद्याला काही कळतं असा लौकिक झाला की त्याच्यासमोर आपल्याला कळत नाही, असं कबूल करायला कुणी तयार नसतं.

घरीही थोडं बिनसल्यासारखं वाटत होतं. मिसबा हिंजवडीला नोकरीला लागली आणि अबोल झाली, अशी अझीमभाईंची समजूत. जेवताना त्यांच्या शेजारी बसते, पण शब्द नाही. एकदा त्यांनी बायकोजवळ हे बोलून दाखवलं. खातूनने लाटणं थांबवलं. "अबोल? मिसबा?" ती म्हणाली आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली.

मग एका दुपारी नम्रता आली. मूळची वर्ध्याची, हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी, रोज तीन तास कंपनीच्या बसमध्ये. बसमध्ये झोप लागली तरी कानातून पडणार नाहीत असे बड्स तिला हवे होते. फुटाणे तिने दोन मुठी खाल्ले. अमृततुल्यापर्यंत जाऊन आली. मग रेकॉर्डिंग ऐकलं.

"डावा कमी आहे ना?" अझीमभाईंनी सवयीने विचारलं.

"नाही काका. मला तर दोन्हीकून बरोबर येऊन राहिलं."

"नीट ऐका. बांगड्या ऐकू येतात?"

"येतात न. आणि शेवटी ते लेकरू 'चला ना' म्हणते, ते भी येते. कित्ती गोड आहे. कोण आहे हो ते?"

अझीमभाईंनी तिच्या हातातल्या डबीकडे पाहिलं. हाच जोड त्यांनी आदल्या दिवशी ऐकला होता आणि वहीत शेरा मारून परत पाठवायच्या खोक्यात टाकला होता. पोरीने तो आपल्या हाताने खोक्यातून उचलला होता. ते एवढंच म्हणाले, "तुम्हाला भास झाला असेल."

"काका, तुम्ही उलटे घालून पाहा न एकदा," नम्रता सहज बोलली. "डाव्याचा उजव्यात."

"हे उलटे होत नाहीत. डावा डाव्याच्याच घडणीचा असतो, उजव्यात बसत नाही." हे अगदी खरं होतं. पण म्हणता म्हणता त्यांचा हात काउंटरवर थांबला. वायरच्या इअरफोनच्या काळात प्रत्येक जोड ते उलटापालटा करून ऐकायचे. एका बाजूने आवाज कमी आला की बाजू बदलायची. कमीपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष मालाचा. ही रीत त्यांनी स्वतःच गल्लीला शिकवली होती. इअरबड्स आले, उलटे बसेनात, म्हणून रीत सुटली, आणि सुटली हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

नम्रता तोच जोड घेऊन गेली. अझीमभाईंनी खालचा खण उपसून वायरचा जुना, गोल बोंडाचा इअरफोन काढला आणि नीट सरळ घातला. नारळ फुटले, दादामियाँची टिचकी वाजली, रेकॉर्डिंग संपलं. डावीकडे काही नाही. मग त्यांनी बोंडं बदलली. नारळ मागे कुठेतरी गेले आणि उजव्या कानात इंदुबाईंच्या बांगड्या खणखणल्या. पाठोपाठ, अगदी कानाशी तोंड नेऊन बोलल्यासारखं, "अब्बा, चला ना."

अझीमभाई घाबरले. चांगलेच घाबरले. दीड वर्ष आपण ज्याला त्याला काय सांगत बसलो, हे त्यांना एकदम दिसलं. तीस वर्षं नवा माल आधी डाव्या कानात, तोही पूर्ण आवाजात, कारण उजवा गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायला मोकळा ठेवायचा. फोन कधीपासून उजव्याच कानाला लागू लागला, तेही त्यांना आठवेना. कलिंगड ठीक होतं. कान गेला होता. दोन दिवस त्यांनी आलेल्या प्रत्येकाला "माल संपलाय" म्हणून परत पाठवलं, मागे डब्यांची भिंत दिसत असताना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली. शेरे खोडायचे म्हणून पेन उचललं, पण खोडले नाहीत. एकोणीस ठिकाणी 'डावा अशक्त' लिहिलं होतं. प्रत्येक ठिकाणी आधी एकच शब्द घातला, 'माझा'. वही काखेत मारून ते श्रीनिवासकडे जिना चढून गेले आणि ती त्याच्यासमोर उघडून ठेवली.

श्रीनिवासने पानं उलटली. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमचा परत आलेला माल मी दुसरीकडे देतो. त्यातली एकही डबी माझ्याकडे परत आलेली नाही. मग कळायला काय लागतं?"

"मग श्रीनिवासराव, बोलायचं होतं!"

"दोनदा बोललो. तुमच्याच दुकानात." त्याने वही मिटून परत दिली. "तुमच्या डाव्या बाजूला बसलो असेन."

अझीमभाईंना हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले ते त्यांनी लपवलं नाही. श्रीनिवासने चहा मागवला आणि खुर्ची उचलून त्यांच्या उजवीकडे मांडली.

दुकानात परतल्यावर त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'माझा डावा कान कमजोर आहे. बसणं आणि भरवसा मी बघेन. आवाज तुम्ही ऐकायचा आणि खरं बोलायचं.' पुठ्ठा बरणीला टेकवला. नाव जाईल तर जाईल, पण खोटं सांगून राहायला नको, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आठवड्याने रंगनाथ मास्तर आले, पुठ्ठा दोनदा वाचला आणि बराच वेळ फुटाणे चावत राहिले. शेवटी म्हणाले, "खरं सांगू? मला तेव्हा काही कमी वाटलं नव्हतं."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

घरी सांगणं सगळ्यात जड गेलं. खातून शांतपणे म्हणाली, "अहो, मला वाटायचं तुम्ही माझंच ऐकत नाही." मिसबाने मोबाइल काढून कानाच्या तपासणीची वेळ घेतली.

सगळ्या तपासण्या झाल्या. नस थकलीय, परत येणार नाही, पण कानाच्या यंत्राने काम भागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग एका शनिवारी टिळक रस्त्यावरच्या केंद्रात बाप-लेक यंत्र निवडायला गेले. तिथल्या बाईंनी पहिलं यंत्र डाव्या कानात बसवलं. अझीमभाईंनी खिशातून पुडी काढली आणि फुटाणे खायला सुरुवात केली. बाई बघतच राहिल्या. चौथ्या घासाला यंत्र कानाबाहेर आलं. "नापास," अझीमभाई म्हणाले.

दुसरं यंत्र घट्ट बसलं. ते फोनला जोडून त्यांनी आपलं रेकॉर्डिंग लावलं. बांगड्या आल्या. शेवटी "अब्बा, चला ना"सुद्धा आलं, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं.

"हेही नको."

"अब्बा, ऐकू तर आलं ना?" मिसबा समोर येऊन म्हणाली.

"आलं. पण तू अशी बोलत नव्हतीस."

बाईंनी तिसरं यंत्र काढलं, कॉम्प्युटरवर काहीबाही जुळवत बसल्या. फुटाणे झाले. दारापर्यंत चालून येणं झालं. अझीमभाई पुन्हा खुर्चीत बसले आणि फोनवर रेकॉर्डिंग शोधू लागले. मिसबा शेजारी, नेहमीच्या सवयीने डाव्या बाजूला बसली होती. तिने घड्याळ पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "आता संध्याकाळपर्यंत मंडई ऐकत बसणार. यांचं काही खरं नाही."

"काय खरं नाही?" अझीमभाईंनी विचारलं.

मिसबा दचकली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या कानाकडे. जेवताना, रिक्षात, टीव्हीसमोर, दोन वर्षं ती याच बाजूला बसून हे असंच बोलत आली होती. उत्तर येत नाही म्हणून हळूहळू स्वतःशीच बोलायला लागली होती. तिला एकदम रडू फुटलं.

"अगं, बोल की," अझीमभाई म्हणाले. "थांबू नकोस."

बाईंनी विचारलं, "काका, ते तुमचं रेकॉर्डिंग लावताय ना?"

अझीमभाईंनी फोन खिशात टाकला. "राहू द्या," ते म्हणाले. "हेच द्या."