दोरीवरचे लंगोट

भट्टीवाल्यांचं उभं आयुष्य पाव भाजण्यात गेलं. मैद्याचा प्रत्येक गोळा ते काट्यावर टाकत. हलका निघाला की 'चोर गोळा' म्हणून कारागिराला पुन्हा करायला लावत. हात दुखतात ही सबब त्यांच्यापुढे चालत नसे. बेकरी सुटली, पण खोड सुटली नाही.

लेक बाळंत होऊन घरी आली. तिसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या नर्सबाईंनी नातीला काट्यावर ठेवलं. तीन किलोंची पोर दोनशे ग्रॅम कमी भरली. भट्टीवाल्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाच्या पावडरीचा डबा आणून ओट्यावर ठेवला.

लेकीचा चेहरा उतरला. रात्र-रात्र बसून ती पाजत होती.

"माझं दूध पुरत नाही, असंच ना बाबा?"

"तुला बोल लावत नाही. पण तूट ती तूट."

नर्सबाई पिशवी आवरत होत्या, त्या पुन्हा बसल्या. बाळ अंगात जास्तीचं पाणी घेऊन जन्मतं, ते सू आणि काळ्या शीवाटे जातं, असं त्यांनी समजावलं. पहिलं दूध चमचाभरच येतं, पण दाट असतं. दहाव्या हिश्शापर्यंतची घट बहुधा दोन आठवड्यांत भरून निघते. मग त्यांनी बाळाला छातीशी नीट धरायला लावलं आणि घोट ऐकू येईपर्यंत थांबल्या.

"आजोबा, डबा आज नको. तुम्ही लंगोट बघा. ओले लंगोट रोज वाढायला हवेत. कमी झाले, किंवा पोर प्यायलाच उठेना, तर तडक दवाखाना गाठा."

लेक डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा, भाजलेला पाव कच्च्या गोळ्याइतका भरायचा का कधी?"

"कसा भरेल? पाणी उडतं त्यातलं."

"मग त्याला कधी चोर म्हणालात?"

भट्टीवाल्यांनी डबा वर माळ्यावर टाकला आणि लंगोटांची बादली स्वतःकडे घेतली. कुणाला हात लावू देईनात. चोळणं, पिळणं, झटकून वाळत घालणं, सगळं बेकरीच्या शिस्तीत. दोरीवर आधी मोजके लंगोट होते. मग अर्धी दोरी भरली, मग पुरी. काळा डागही जाऊन पिवळा आला.

पुढच्या खेपेला नर्सबाई आल्या तेव्हा ते अंगणात दुसरी दोरी बांधत होते. आतून लेकीनं हाक मारली.

"बाबा, तीन किलो भरून वर गेली! बघायला येताय ना?"

"थांब जरा," ते म्हणाले, "गाठ पक्की होऊ दे."