चिल्लाच्या जंगलातलं पिल्लू

जयपुरात राहून हत्ती बघायला दुसऱ्या राज्यात जाणारी बाई म्हणजे डोकं फिरलेली, असं आमच्या जगतपुऱ्याच्या सोसायटीचं एकमत झालं. खालच्या मजल्यावरचे शर्माजी तर जिन्यातच म्हणाले, "भाभीजी, हाथी तो आमेर में खड़े हैं!" खरंय. आमेरच्या किल्ल्यापाशी पर्यटकांना वर न्यायला उभेच आहेत. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

२००७ चा मार्च संपत आला होता. माझी नणंद माधवीताई पुण्याहून आल्या होत्या, पण नुसता किल्ला बघायला नाही. नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या, बँकेतल्या बदल्यांपायी आमच्या आठ वर्षांच्या इराच्या दोन शाळा झाल्या होत्या, तिसरी कधी होईल त्याचा नेम नव्हता, आणि तिचं मराठी निम्मं हिंदी. तेव्हा जूनपासून तिला साताऱ्याकडच्या निवासी शाळेत ठेवायचं, असं बहीणभावाचं ठरत आलं होतं. मी काही बोलले की 'तू भावनेच्या भरात बोलतेस' हे उत्तर तयारच.

आमेरला रंगवलेल्या हत्तिणीपाशी इरानं म्हाताऱ्या माहुताला विचारलं, "इसकी मम्मी कहाँ है?"

"माँ तो वहीं जंगल में रह गई, बेटा," तो म्हणाला. "छोटी थी, तभी पकड़कर लाए. फिर शिक्षा दी."

हिंदीतली शिक्षा म्हणजे शिकवणं, हे तीन वर्षं जयपुरात काढल्यावर मला कळतं. पण माझे कान मराठी आहेत, त्यांनी ऐकायचं तेच ऐकलं. त्यात ताई म्हणाल्या, "बघ, लहानपणीच वळण लावलं की किती शहाणी होते!"

इरा काही केल्या हत्तिणीवर बसली नाही. मीही बसले नाही. त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, इराला आईजवळ राहणारा हत्ती दाखवायचा, मग शाळेचं बोलू. ताई कपाळाला हात लावून पुण्याला परतल्या. मिलिंदनं कुरकुरत का होईना, रजा टाकली.

जाणार असाल तर: जयपूरच्या सिंधी कॅम्प बसस्थानकावरून पहाटे हरिद्वारची बस पकडा, संध्याकाळपर्यंत पोचता. रस्त्यावरच्या ढाब्यावर पराठा खा, पनीरच्या भानगडीत पडू नका. हरिद्वारला गंगेच्या पलीकडे चिल्ला आहे, तिथे साधं विश्रामगृह मिळतं. जंगलात जायला जीप सकाळी आणि दुपारी, आम्हाला फेरीचे सातशे पडले. भडक कपडे नकोत. एप्रिल-मेमध्ये उन्हानं जीव जातो, पण पाण्याच्या ओढीनं कळप बाहेर येतात, म्हणून तेव्हाच जा.

पहिल्या दुपारी हरणं, मोर आणि धूळ. मोर तर आमच्या गच्चीवरही येतात. 'एवढ्यासाठी इतक्या लांब आलो?' असं मिलिंदच्या तोंडावर लिहिलं होतं.

दुसऱ्या सकाळी कोरड्या नदीपात्राच्या कडेला जीप थांबली आणि मी ओरडलेच, "पिल्लू! पिल्लू!"

"पिल्ला? कुत्ता कहाँ से आया?" आमचे गाईड बिष्टजी दचकून मागे वळले.

"आई, पिल्ला मतलब कुत्र्याचं असतं!" इरा लाजून लाल झाली.

समोर नऊ हत्तिणी होत्या आणि एकीच्या पोटाखाली तीनचार महिन्यांचं ध्यान. सोंडेचं काय करायचं हे त्याला उमगलं नव्हतं. चालता चालता त्यानं स्वतःच्याच सोंडेवर पाय दिला. मग आईच्या तोंडात सोंड खुपसून तिचा घास बाहेर ओढला.

"चख रही है," बिष्टजी हळूच म्हणाले. "माँ जो खाए, वही खाना सीखेगी. मादा है."

तेवढ्यात मागच्या जीपनं इंजिन सुरू केलं. क्षणात सगळ्या हत्तिणी एकमेकींना भिडल्या आणि पिल्लू दिसेनासं झालं. फाटक्या कानाची एक म्हातारी कान पसरून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. इरानं माझा दंड घट्ट धरला. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त त्या म्हातारीचा अभिमान वाटला.

बऱ्याच वेळानं कळप झाडीत शिरला. मी विचारलं, "उद्या इथेच असतील?"

"इनका क्या ठिकाना, मैडम. आज यहाँ, कल वहाँ. बच्चा साथ चलता है. नर हो तो बड़ा होकर निकल जाता है, मादा तो सारी उमर इन्हीं के साथ."

मी मिलिंदकडे वळले. "ऐकलंस? यांची तर रोज बदली. पिल्लाला कुणी साताऱ्याला नाही ठेवलं."

"म्हणजे आता आपण काय करायचं ते हत्ती सांगणार?"

"तू सांगतोस, ताई सांगतात, शर्माजी सांगतात. हत्तींनी सांगितलं तर काय बिघडलं?"

त्यानं मान फिरवून बिष्टजींना जीप वळवायला सांगितली. पण परतीच्या बसमध्ये इरा त्याच्या मांडीवर झोपली होती, तेव्हा स्वतःहून म्हणाला, "ताईला तू सांगतेस की मी?"

मीच सांगितलं. फोनवर ताई भडकल्या. "तुझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं होईल!"

"झालं तर माझ्या डोळ्यांसमोर होईल, ताई," मी म्हटलं. आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची तयारी चालली असताना इराला सांगितलं. वाटलं, उड्या मारेल. ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मतलब, आता वेणी मला नाही घालायची?"

मला काही कळेना. मग तिनं मान वळवून दाखवलं. तीन आठवडे बाथरूमचं दार लावून ती स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकत होती. "तिकडे तू नसणार होतीस ना. मग कोण घालणार?" वेणी एका बाजूला कललेली, मधेच बटा सुटलेल्या. तिला काय कळतंय म्हणून आम्ही मोठी माणसं तिच्यादेखत बोलत राहिलो होतो, आणि ती मुकाट्यानं जायची तयारी करत होती.

मी ती वेणी सोडली, तेल लावलं आणि पहिल्यापासून घालायला घेतली. खाली शाळेची बस हॉर्न वाजवत होती. वाजवू दे म्हटलं. सावकाश घातली वेणी, आणि बस चुकली.