आखितीच्या आदल्या दिवशीचा टोस्ट

माझी शेजारीण प्रत्येक वाक्यामागे "बराबर ना?" विचारते आणि उत्तरासाठी थांबत नाही. साखर कारखान्याच्या वसाहतीत आमची भिंतीला भिंत आहे. तिच्या लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा बापानं "ती आम्हाला मेली" असं सांगून टाकलं.

कॉलेजच्या एका सुट्टीत लेकीनं तिला टोस्ट शिकवला होता. पाव तव्यावर भाजायचा, वर आंब्याच्या फोडी मांडायच्या, चीज किसून झाकण ठेवायचं. चीज शेजारीण जालन्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना दाखवल्याशिवाय कुणी आंबा खात नाही. ही आदल्या दिवशीच कापते.

"पितरांच्या आधी?" लेकीच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मी झापलं.

"पितर उद्या खातील, मावशी. माझी लेक जित्ती हाय. तिचा आजच, बराबर ना?"

दुपारची एस.टी. येईपर्यंत ती ताटली झाकून ठेवते. लेक काही उतरत नाही. मग टोस्ट माझ्याकडे येतो. गार झालेला, चीज चामड्यासारखं. मला तो आवडत नाही. शिवाय माझा नवरा पितरांत आहे, त्याचा आंबा दुसऱ्या दिवशीचा. तरी मी तिच्यासमोर सगळा टोस्ट संपवते आणि म्हणते, "बराबर."