इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या ना!

लहान मुलांच्या दवाखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात. एक म्हणजे औषध कंपन्यांचे पेन आणि दुसरे किस्से. पेन दोन ओळी लिहून मरतात. किस्से मात्र जेवायला बसलं की आठवतात आणि ठसका लागतो.

जळगावात मी मुलांची डॉक्टर आहे. माझं काम म्हटलं तर सोपं. पोराच्या छातीत जंतू शिरलेत की नुसतीच सर्दी आहे हे ओळखायचं, आणि शिरले असतील तर उशीर होऊ द्यायचा नाही. बाकीचे सल्ले द्यायला अख्खा खानदेश मोकळाच बसलेला असतो.

*

मोठी साथ येऊन गेली आणि जाताना एक शब्द ठेवून गेली. इम्युनिटी! पूर्वी आया म्हणायच्या, "पोरगं अशक्त आहे." आता म्हणतात, "इम्युनिटी लो आहे." कुठं मोजली, कुणी मोजली, हे विचारायचं नसतं.

एक इंजिनिअर बाप आला. मुलगा नुकताच नर्सरीत जायला लागलेला, म्हणजे नाक वाहणं ओघानं आलंच.

"मॅडम, इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या ना!"

मी समजावलं, की शरीर एकेक जंतू ओळखायला शिकतं. ही सर्दी म्हणजे त्याचा अभ्यास चाललाय. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी शरीर लवकर आवरतं.

"ते ठीक आहे. पण आम्ही घरी सुरू केलंय," असं म्हणून त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. टेबलावर च्यवनप्राश, काढा, दोन प्रकारच्या पावडरी, चघळायच्या रंगीत गोळ्या आणि गुळवेलीचा रस ओळीनं मांडलेला. फोटोत पोरगंही होतं, कोपऱ्यात, रडवेलं.

"अहो, एवढं सगळं पोटात गेल्यावर हा जेवतो कधी?"

"तीच तर दुसरी तक्रार आहे, मॅडम. काही जेवतच नाही!"

*

रावेरकडचे एक आबा. केळीची मोठी बाग. नातवाला न्यूमोनिया होऊन गेला होता, पोरगं आता बरं होतं आणि भुकेलेलं होतं. मी म्हटलं, मऊ भात द्या, वरण द्या, केळं द्या.

आबा खुर्चीतून उठलेच. "केयं? खोकल्यात केयं? डाक्तर, तुम्ही शिकेल हायेत ना?"

म्हटलं, आबा, न्यूमोनिया जंतूंनी होतो, केळ्यानं नाही. पटेना. शेवटी मी विचारलं, "मग तुमची एवढी केळी खातं कोण?"

"आपली? दिल्लीले जातात, पार काश्मीरपर्यंत जातात," आबांची छाती फुगली.

"तिथं तर बर्फ पडतो!"

आबा पुन्हा खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "त्या लोकायले सवय हाये."

*

जामनेरची एक आई. मुलाच्या कानातून पू येत होता, अंगात ताप होता. मी अँटिबायोटिक दिलं आणि चार वेळा बजावलं, बाटली संपवायची, बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. तिनं चारही वेळा मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या भागाचा हात कुणी धरणार नाही.

थोड्याच दिवसांत पुन्हा हजर. कान पुन्हा वाहतोय.

"औषध पूर्ण दिलं होतं?"

"ताप उतरला ना, मंग कायले द्यायचं? ठेवून देलं."

"कुठाय ती बाटली?"

बाई चुळबुळली. बाटली आधी जावेच्या पोराला गेली होती, तिथून शेजारी. माझ्या एका चिठ्ठीवर अख्खी गल्ली बरी होत होती.

"आणि आता?"

"थोडंसंच उरेल होतं. वासराले पाजलं. त्यालेबी ठसका होता."

मी कपाळाला हात लावला. बाई मला धीर देत म्हणाली, "पन वासरू बरं हाये हं डाक्तर!"

*

आता तुम्ही म्हणाल, बाई लोकांनाच हसते. तर घरचं ऐका.

माझ्या लेकाला खोकला झाला. मी तपासलं, छाती साफ होती, औषधाची गरज नव्हती. संध्याकाळी दवाखान्यातून येऊन बघते तर पोराच्या गळ्यात ओवा-लसणाची पुरचुंडी, छातीला तेल, पायात मोजे, डोक्याला कानटोपी. बाहेर उन्हाळा. जळगावचा!

"आई, हे काय?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तू दवाखान्यात डॉक्टर."

*

मी शिकले धुळ्याला. आमचे सर मोठे खवचट. एकदा एक बाप पोराला घेऊन आला. दम लागलेला, नाकपुड्या फुललेल्या. सरांनी पोराचा सदरा वर केला, घड्याळ काढलं आणि नुसते बघत बसले. बापाचा जीव टांगणीला. त्याच्या मनात, की हा माणूस ना सुई काढतो, ना नळी लावतो!

"साहेब, काय मोजताय? बिल?"

"श्वास," सर मान वर न करता म्हणाले. "बिलाला एवढा वेळ लागत नाही."

पोराला तिथूनच उचलून ऑक्सिजनवर घेतलं. दोन-तीन दिवसांनी तोच बाप वॉर्डात दुसऱ्या पोरांच्या बापांना दरडावत होता, "गप बसा रे, साहेब मोजी राह्यनात!"

*

आणि हे नाना.

एरंडोलजवळच्या खेड्यातले. घरात दोन पिढ्यांनी मुलगी जन्मली म्हणून नानांनी गावभर जिलेबी वाटली होती. बारशाला दिवसभर नात त्यांच्याच मांडीवर. तिला माझ्याकडे आणलं तेव्हा ती जेमतेम महिन्याची होती. खोकायची, खोकता खोकता निळी पडायची आणि श्वास घ्यायचाच विसरायची. दीड महिन्याची लस टोचायचंही वय झालेलं नव्हतं. एवढ्या बाळाच्या अंगात लढायला स्वतःचं असं काहीच तयार नसतं.

आम्ही तिला आत घेतलं. बाहेर नानांचं भाषण सुरू झालं. "ह्या डाक्तर उगाच घाबरावतस. आमनं बठ्ठं गाव खोकस. कोनी मरनं का?" आणि भाषणात दर दोन वाक्यांनी नाना स्वतः खोकत होते. कोरडा, लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारा खोकला.

मी विचारलं, "नाना, हा खोकला कधीपासून?"

"हाऊ? हाऊ तमाखूना शे. जुना दोस्त शे मना!"

रिपोर्ट आला. डांग्या खोकला. मोठ्या माणसाला तो नुसता छळतो. लहानपणी मिळालेलं संरक्षण वयाबरोबर विरत जातं, आणि जंतू माणसाच्या मांडीवरून बाळाकडे जातो. मी नानांच्या मुलाला, प्रमोदला, केबिनमध्ये बोलावून सांगितलं. दार नीट लागत नाही आमचं, आणि बाहेरच्या बाकावर नाना बसलेले, म्हणून हळूच सांगितलं.

प्रमोदनं हात जोडले. "मॅडम, नानांना सांगू नका. नाही सहन होणार त्यांना."

मग मी बाहेर येऊन मोठ्यानं जाहीर केलं, की घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या, आमच्याकडे नियमच आहे तसा. मला वाटलं, आता नाना अर्धा तास वाद घालणार. नानांनी हात पुढे केला, गोळी घेतली आणि गिळली. त्या दिवसापासून भाषणही बंद झालं. मला बरंच वाटलं, वॉर्ड शांत झाला!

ते दिवस वाईट होते. मुलगी दोनदा हातातून जाता जाता राहिली. मी घाबरले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण ती तरली. दूध ओढायला लागली, रडायला लागली, आणि नर्सबाईंनी पेढे मागितले.

घरी जायच्या दिवशी मी गेटपर्यंत गेले. पिकअप उभी होती. नाना तोंडाला रुमाल बांधून लांब, लिंबाखाली उभे. त्यांचा खोकला केव्हाच थांबला होता, मी स्वतः छाती तपासली होती.

सून बाळाला घेऊन त्यांच्याजवळ गेली. "नाना, घ्या ना. तुमचीच वाट बघतेय."

नाना दोन पावलं मागे सरकले.

"नको माय. माले आजून खोकला शे."

प्रमोदनं पुढचं दार उघडून धरलं होतं. नाना वळसा घालून मागच्या बाजूला गेले, जिथं केळीचे कॅरेट ठेवतात तिथं चढून बसले आणि टपावर थाप मारून म्हणाले, "चाल!"