निखिल नापास असल्याचा पुरावा

आमच्या घरात डिग्री नसलेला माणूस एकच, आणि परदेशात नोकरीला गेला तोही तोच. मी स्वतः बी.ए., एम.ए., एम.फिल. (सगळीकडे फर्स्ट क्लास, कुणी विचारलं नाही तरी सांगतो). बायको बी.एस्सी. थोरली मुलगी इंजिनीअर. धाकटा निखिल मात्र बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी जो आपटला, तो उठून पुन्हा कॉलेजात न जाता थेट मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर जाऊन उभा राहिला. टिळकवाडीत आमच्या गल्लीत डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक सोडून फारसं कुणी राहत नाही. तिथं मी आठ वर्षं सांगत आलो, 'निखिल बी.कॉम. करून कंपनीत आहे.' यातलं कंपनीचं तेवढं खरं होतं.

एक दिवस निखिल जेवता जेवता म्हणाला, "अण्णा, मी पोलंडला जाईन म्हणतो."

"फिरायला?"

"कामाला. माझ्या कामाचा व्हिडिओ पाठवलता. त्यांना आवडलाय. आता तिथल्या बाईंशी मोबाईलवर शेवटचं बोलणं तेवढं राहिलंय, रविवारी."

"आणि डिग्री?"

"फॉर्मवर विचारलंय. मी 'नाही' लिवलं."

"मग?"

"मग काय? फॉर्म पुढं गेला."

मला कुतूहलानं चैन पडेना. डिग्री न बघता माणसाला इतक्या लांब बोलावतात, तर मग बघतात तरी काय? मी निखिलला विचारलं, बायकोला विचारलं, भाजीवाल्यालाही विचारलं. शेवटी ठरवलं, रविवारी आपण स्वतः शेजारी बसून बघायचं.

रविवारी कंग्राळी गावाहून माझे मेहुणे आप्पा आले. शेतकरी माणूस, पण आमच्याकडची सगळी लग्नं त्यांनीच जमवलेली. दुसऱ्या घरचं माणूस आपल्या पोराची चौकशी करणार म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना एकाच प्रकारानं ठाऊक होतं. त्यामुळे तासाभरात आमच्या हॉलला बघण्याच्या कार्यक्रमाची कळा आली. नवीन चादर पडली. पोहे झाले.

"पोहे कशाला? बाई मोबाईलमधनं खाणार हाय काय?" निखिल वैतागला.

"खाऊ दे न्हायतर न्हाऊ दे. दिसू दे की तिला!" आप्पा म्हणाले.

शेजारच्या शांताक्का 'पोलंडची बाई कशी दिसती बघून जाते' म्हणून आल्या आणि पोह्यांची बशी घेऊन पक्क्या बसल्या. माझ्या मनात आलं, निखिलच्या पाठीमागची भिंत फार मोकळी दिसतेय. मी आतल्या खोलीतल्या माझ्या तिन्ही डिग्र्या फ्रेमसकट आणून तिथं टांगल्या.

बाई पडद्यावर आल्या. चष्मा, आखूड केस, चेहरा परीक्षकाचा. त्यांनी इंग्रजीत निखिलला विचारलं, "किती वर्षं काम करताय?"

"आठ!" मी म्हणालो.

"आपण कोण?"

"वडील. मुलगा निर्व्यसनी आहे. सुपारीसुद्धा खात नाही."

"भावजी, सांगा की ओ तिला," आप्पा मागून कोपरानं ढोसू लागले, "पोरगं लई गुणाचं हाय. जेवायला काय बी चालतंय, शिळं सुदिक." (मी हेही भाषांतर करून सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं.)

"अण्णा, गप बसा की जरा," निखिल दातओठ खात पुटपुटला.

तेवढ्यात बाई पुढं वाकल्या. "मागे भिंतीवर काय आहे?"

या प्रश्नाची मी आठ वर्षं वाट बघत होतो! "डिग्र्या!"

"कुणाच्या?"

निखिलनं तोंड उघडलं, पण मी त्याच्या आधी बोललो. बघायला आलेल्या पाहुण्यांनी घर कुणाचं, शेत कुणाचं विचारलं, की मुलाच्या बापानं काय म्हणायचं हे आमच्याकडं ठरलेलं आहे. तेच मी म्हणालो. "शेवटी सगळं त्याचंच आहे!"

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी हातातला फॉर्म पाहिला, मग भिंत पाहिली. "फॉर्मवर नाव निखिल गजानन. भिंतीवर मोठ्या अक्षरात गजानन. म्हणजे तुम्ही डिग्री लपवलीत."

आमच्यात मुलाच्या नावापुढं बापाचं नाव लागतं, हे त्या बिचारीला काय माहीत! मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, त्या माझ्या आहेत."

"आत्ताच त्याच्या म्हणालात."

"ते प्रेमानं म्हणालो!"

"तुमच्याकडे डिग्री प्रेमानं देतात?"

मग बाईंनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्याकडं असाच एकजण डिग्री लपवून मशीनवर लागला आणि दोन महिन्यांत ऑफिसातली खुर्ची मिळताच पळाला. त्यांना टिकणारा कामगार हवा. शिवाय फॉर्मवर खोटं असेल तर तो व्हिसासाठी पुढं जाणार नाही. निखिलनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि कॉलरचं बटण सोडलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं ही नोकरी स्वतःच्या हातांनी मिळवली होती आणि मी ती तीन फ्रेमा टांगून घालवत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

"डिग्री नसल्याचा काही पुरावा आहे?" बाईंनी विचारलं.

असल्याचा पुरावा जो तो मागतो, नसल्याचा कुठून आणायचा?

"पंचायतीचा दाखला चालंल काय बघा," आप्पा उठलेच. "आत्ता घेऊन येतो. सही, शिक्का, सगळं!"

तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "नापासाचं मार्क्स कार्ड आहे की."

"कुठं?"

"तुम्हीच दडवलंय. तुमच्या एम.ए.च्या फ्रेमच्या पाठीमागं."

(कुणी म्हणून तिथं बघणार नाही, असा माझा तेव्हाचा हिशोब होता.)

शांताक्कांचा चमचा थांबला. "नापास? सर, निखिल फर्स्ट क्लासनं बी.कॉम. झाला म्हणालता की! मी पेढं खाल्लंय की ओ!"

एकीकडे पोलंड, दुसरीकडे शांताक्का. शांताक्कांना कळलं म्हणजे संध्याकाळच्या आत गल्लीला कळलं. मी निखिलकडं बघितलं आणि खुर्चीवर चढलो. एम.ए. खाली काढली, पाठीमागचा पुठ्ठा उचकटला आणि पिवळं पडलेलं कार्ड मोबाईलसमोर धरलं.

"अक्षर फार पुसट आहे. वाचून दाखवा," बाई म्हणाल्या.

मी वर्गात वाचायचो तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. "अकाउंटन्सी, सतरा! स्टॅटिस्टिक्स, नऊ!"

"कितीपैकी?"

"शंभरपैकी!" एवढ्या अभिमानानं मी थोरलीचे मार्कही कधी सांगितले नव्हते.

"अगं बाई, नऊ!" शांताक्का म्हणाल्या.

"अर्थशास्त्र..." इथं मी आवाज खाली आणला. "चौदा."

बाईंना आता खरंच कुतूहल वाटू लागलं होतं. "इतके कमी? हा विषय शिकवत कोण होतं?"

निखिल मला वाचवायला जमिनीकडं बघू लागला. आप्पांनी उगाच खोकून घेतलं. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "मी."

बाई खुर्चीत मागं रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग फॉर्मवर सही करत म्हणाल्या, "ठीक आहे. खात्री पटली."

निखिल तिकडं जाऊन आता वर्ष होत आलं. काम आवडलंय, बर्फ आवडत नाही म्हणतो. आणि मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, पण माझ्या शिकवण्यामुळं परदेशात नोकरी लागलेला विद्यार्थी तो एकटाच.